गिअरपेटीतील तेलाचा दाब : किती असावा व कसा राखावा

यंत्रात तेल घालावयाचे ते केवळ वंगणासाठी, असा सर्वसाधारण समज आहे. ज्या ट्रॅक्टरांचा क्लच पायाच्या जोराने न चालता तेलाच्या दाबाने चालतो, त्यांच्या बाबतीत हा समज अपुरा ठरतो. अशा गिअरपेटीत तेल दातांना वंगण पुरविते, उष्णता वाहून नेते, आणि शिवाय इंजिनाची शक्ती चाकांपर्यंत पोहोचविणाऱ्या चकत्या घट्ट दाबून धरते. या तिसऱ्या कामासाठी तेलाला ठराविक दाब लागतो. तो कमी पडला तर चकत्या घसरतात, आणि वाजवीपेक्षा वाढला तर पेटीचे इतर भाग तुटतात.

आपल्याकडील बहुसंख्य ट्रॅक्टरांत आजही पायाचा क्लच व हाताने बदलावयाचे गिअर आहेत. तथापि मोठ्या अश्वशक्तीच्या काही ट्रॅक्टरांत पुढे-मागे जाण्याचा बदल किंवा पी.टी.ओ.चा क्लच तेलाच्या दाबावर चालतो. असा ट्रॅक्टर ओढीत कमी पडू लागला म्हणजे ‘क्लच गेला’ असे निदान बहुधा तात्काळ केले जाते. पेटी उघडली जाते, नव्या चकत्या बसविल्या जातात, आणि काही दिवसांतच त्या नव्या चकत्याही जळतात. कारण मूळ दोष चकत्यांत नसून दाबात असतो. खर्च दोनदा होतो आणि जमिनीचा वाफसा मात्र कोणासाठी थांबत नाही. म्हणून पेटी उघडण्यापूर्वी दाब मोजावा, एवढी एकच गोष्ट या लेखात सकारण सांगावयाची आहे.

दाब कोठून येतो

पंप दाब निर्माण करतो असे आपण म्हणतो; परंतु काटेकोरपणे पाहता पंप फक्त तेल पुढे ढकलतो. त्या तेलाच्या वाटेत अडथळा आला म्हणजे दाब चढतो. ठिबक सिंचन करणाऱ्या बागायतदारांस हे अनुभवाने ठाऊक असते. नळ्यांच्या शेवटची टोपणे काढून पंप सुरू केला तर दाबमापकाचा काटा फारसा हलत नाही. टोपणे लावताच तो वर चढू लागतो. एखादी नळी मध्येच फुटली, की पंप तोच असूनही शेवटच्या झाडाला पाणी मिळत नाही.

गिअरपेटीतही हेच घडते. तेथील पंप इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर फिरतो. इंजिन मंद असता तेल थोडे येते, वेगात असता पुष्कळ येते. दाब मात्र दोन्ही वेळी ठरलेल्या मर्यादेत राहावा लागतो. यासाठी पेटीत एक दाबनियामक झडप बसविलेली असते. एका गोल भोकात मागेपुढे सरकणारी पोलादी दांडी, तिच्या एका अंगाला तेलाचा दाब व दुसऱ्या अंगाला स्प्रिंग, अशी तिची साधी रचना असते. दाब स्प्रिंगच्या जोरापेक्षा वाढला की दांडी सरकते, बाजूची वाट उघडते व जादा तेल परत पंपाकडे किंवा टाकीकडे जाते. अशा रीतीने राखलेल्या दाबास कारागीर ‘लाइन प्रेशर’ म्हणतात. आपण त्यास मुख्य दाब म्हणू.

हा मुख्य दाब क्लचच्या दट्ट्यामागे पोहोचतो. दट्ट्यासमोर पोलादी चकत्या व घर्षणाच्या चकत्या एकाआड एक रचलेल्या असतात. दट्ट्या पुढे सरकून ही चळत आवळतो, तेव्हा सर्व चकत्या एकजीव होऊन फिरू लागतात. दाब सोडला की परतीची स्प्रिंग दट्ट्याला मागे आणते व चकत्या सुट्या होतात.

दाबाचा हिशेब

एक उदाहरण घेऊन हा हिशेब करून पाहू. समजा, दट्ट्या कड्याच्या आकाराचा असून त्याचा बाहेरचा व्यास १२ सेंटिमीटर व आतला ८ सेंटिमीटर आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ६३ चौरस सेंटिमीटर भरते. तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला १० किलोग्रॅम असेल, तर दट्ट्यावर सुमारे ६२८ किलोग्रॅमचा जोर येतो. परतीच्या स्प्रिंगला दाबण्यात त्यातले ७८ किलोग्रॅम खर्च होतात असे धरले, तर चकत्या आवळण्यास ५५० किलोग्रॅम उरतात.

चळतीत घर्षणाचे १० पृष्ठभाग असतील, त्यांची मधली त्रिज्या साडेपाच सेंटिमीटर असेल, व घर्षणाचे प्रमाण ०.१२ असेल, तर हा क्लच सुमारे ३६ किलोग्रॅम-मीटर इतका पीळ न घसरता वाहू शकेल. इंजिनाकडून त्याच्यावर ३० किलोग्रॅम-मीटर पीळ येत असेल, तर काम निर्वेध चालेल व थोडा जोर राखीवही राहील.

आता दाब १० वरून ७ वर उतरला असे समजा. दट्ट्यावरचा जोर सुमारे ४४० किलोग्रॅम होईल. स्प्रिंग मात्र आपले ७८ किलोग्रॅम पूर्वीप्रमाणेच घेईल, आणि चकत्यांच्या वाट्याला जेमतेम ३६२ किलोग्रॅम येतील. क्लचची कुवत सुमारे २४ किलोग्रॅम-मीटरवर येईल. म्हणजे दाब तीन-दशांशाने घटला, पण कुवत एक-तृतीयांशाहूनही अधिक घटली. इंजिनाचा पीळ ३० आणि क्लचची कुवत २४. यापुढे क्लच घसरणार हे उघड आहे.

घसरणारा क्लच किती तापतो, तेही पाहू. चकत्यांच्या दोन बाजूंच्या गतीत मिनिटाला फक्त १०० फेऱ्यांचा फरक पडला, तरी वरील उदाहरणात सुमारे अडीच किलोवॉट उष्णता तयार होते. घरात पाणी तापविण्याच्या दोन हजार वॉटच्या गिझरपेक्षाही ही उष्णता जास्त आहे, आणि ती तळहाताएवढ्या रुंदीच्या चकत्यांच्या चळतीत कोंडली जाते. अशा स्थितीत चकत्यांवरील घर्षणाचा थर काळा पडतो, पोलादी चकत्या वाकतात, तेलाला जळका वास येतो व त्याचा गुण जातो. चकत्या जळणे हा परिणाम होय. त्याचे कारण दाबात आहे.

भाराप्रमाणे दाब

मग दाब प्रथमपासूनच भरपूर का ठेवू नये, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. त्याचे उत्तर मोटारींच्या स्वयंचलित गिअरपेट्यांच्या इतिहासात सापडते.

अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीने १९३९ साली, १९४० च्या ओल्डस्मोबील मोटारींसाठी, ‘हायड्रा-मॅटिक’ नावाची चार वेगांची स्वयंचलित पेटी बाजारात आणली. मोठ्या संख्येने तयार झालेली ती पहिली पूर्ण स्वयंचलित पेटी समजली जाते. दुसऱ्या महायुद्धात हीच पेटी अमेरिकेच्या एम-५ या हलक्या रणगाड्यातही वापरण्यात आली. पेटीतील क्लच व पट्टे यांना तेलाच्या दाबाने कामास लावावयाचे, हे तत्त्व तेथे पक्के झाले.

अशा पेट्यांत लवकरच दिसून आले की, एकच दाब सर्व प्रसंगी सोयीचा नसतो. मोटार सपाट रस्त्यावर सावकाश चालली असता दाब जास्त असेल तर प्रत्येक गिअर बदलताना धक्का बसतो. चढावर इंजिन पूर्ण जोर लावीत असता दाब कमी असेल तर क्लच घसरतो. सबब भार वाढेल तसा दाब वाढावा व भार उतरेल तसा तो उतरावा, अशी योजना करावी लागली. १९६४ च्या मोटारींत आलेल्या ‘टर्बो-हायड्रामॅटिक ४००’ या पेटीत हे काम इंजिनाच्या हवानळीतील निर्वाताकडून करून घेतलेले होते. इंजिनावर भार कमी असता निर्वात मोठा असतो व दाब उतरतो. भार वाढला की निर्वात घटतो व दाब चढतो. ही निर्वाताची बारीक नळी निखळली, तर पेटीला सदैव पूर्ण भार आहे असेच वाटते, दाब वर चढून राहतो व गिअर हिसक्याने बदलू लागतात. १९९१ पासून याच घराण्यातील ‘४एल८०-ई’ या पेटीत निर्वाताची जागा विजेच्या नियंत्रणाने घेतली. परंतु भाराप्रमाणे दाब हे तत्त्व कायम राहिले.

ट्रॅक्टरांतही ही कल्पना लवकरच आली. फोर्ड कंपनीने १९५९ साली ‘सिलेक्ट-ओ-स्पीड’ ही दहा वेगांची, पायाचा क्लच न दाबता भाराखाली गिअर बदलणारी पेटी दिली. तिच्या पहिल्या पेट्यांत इतके दोष निघाले की कंपनीला त्या सुधारून द्याव्या लागल्या. पुढे १९६३ साली जॉन डियर ४०२० या ट्रॅक्टरला पुढचे आठ व मागचे चार वेग असलेली ‘पॉवर शिफ्ट’ पेटी मिळाली. नांगर जमिनीत असता क्षणभरही थांबू नये, हा या सर्व खटाटोपाचा हेतू होता. पायाचा क्लच दाबला की भाराखालचा ट्रॅक्टर तत्काळ थांबतो. म्हणून एक क्लच सुटताना दुसऱ्याने पकड घेतली पाहिजे, व ती योग्य दाबाने घेतली पाहिजे.

त्यासाठी दाब एकदम न चढविता पायरीपायरीने चढविला जातो. प्रथम तेल दट्ट्यामागील पोकळी भरते, मग दाब हळूहळू वाढून चकत्या एकमेकींस धरू लागतात, आणि शेवटी पूर्ण दाब येऊन त्या घट्ट आवळल्या जातात. हा सारा व्यवहार डोळ्याचे पाते लवते न लवते तोच उरकतो. तेलाच्या वाटेतील बारीक छिद्रे व छोट्या झडपा हा क्रम सांभाळतात. कचऱ्याचा एक कण अशा छिद्रात अडकला तरी क्रम बिघडतो.

शर्यतीच्या मोटारींचा धडा

अमेरिकेत पाव मैलाच्या, म्हणजे सुमारे ४०२ मीटरच्या, सरळ धावपट्टीवर मोटारींच्या शर्यती होतात. १९५३ साली कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या ‘बी अँड एम’ या संस्थेसारख्या कारागिरांनी हायड्रा-मॅटिक पेट्या अशा शर्यतींसाठी सुधारून दिल्या. त्यांची मुख्य युक्ती दाबाचीच होती. नियामक झडपेची स्प्रिंग कडक करावयाची, तेलवाटेची छिद्रे मोठी करावयाची, म्हणजे क्लच विलंब न लावता पकडतो आणि वाढीव शक्तीच्या इंजिनापुढेही घसरत नाही.

तथापि त्याचे मोल द्यावे लागते. पंपाला लागणारी शक्ती दाबाच्या प्रमाणात वाढते. मिनिटाला ३० लिटर तेल १० किलोग्रॅम दाबाने ढकलण्यास सुमारे अर्धा किलोवॉट शक्ती लागते. दाब दुप्पट केला तर एक किलोवॉट लागते, आणि ती शक्ती अखेर तेल तापविण्यातच जाते. जादा दाबाने सीलची कडी फाटतात, दट्ट्याची घरे तडकतात, व प्रत्येक बदलाचा हिसका गिअरच्या दातांवर व धुऱ्यांवर बसतो. म्हणून जाणते कारागीर केवळ दाब वाढवून थांबत नाहीत. चकत्यांची संख्या वाढवितात, भक्कम भाग बसवितात व तेल थंड करण्याची निराळी व्यवस्था करतात. शिवाय शर्यतीची मोटार काही सेकंद धावते आणि तिची पेटी वारंवार उघडून तपासली जाते. आपल्या ट्रॅक्टरला दिवसभर रोटाव्हेटर चालवावयाचा असतो किंवा उसाने भरलेल्या ट्रॉल्या कारखान्यापर्यंत ओढावयाच्या असतात.

यास्तव ओढ कमी झाली म्हणून झडपेच्या स्प्रिंगमागे वॉशर घालून दाब चढविण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. झिजलेल्या सीलमधून तेल गळत असता अशा उपायाने गळती वाढते, आणि खरा दोष काही दिवस झाकला जाऊन पुढे मोठा होऊन प्रकट होतो.

आपल्या ट्रॅक्टरांत दाब का उतरतो

पुष्कळ ट्रॅक्टरांत गिअर, तेलातील ब्रेक, मागील लिफ्ट व क्लच या सर्वांना एकच तेल पुरविलेले असते. सोय म्हणून ही रचना चांगली आहे. परंतु एका ठिकाणची घाण सर्व ठिकाणी पोहोचते, हा तिचा तोटा आहे.

याचे नेहमीचे उदाहरण म्हणजे उपसणारी ट्रॉली. ट्रॉलीचा जॅक ट्रॅक्टरच्याच तेलाने उचलला जातो. आज एका ट्रॅक्टरला जोडलेली ट्रॉली उद्या शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरला जोडली जाते. तिच्या जॅकमध्ये उरलेले निराळ्या जातीचे, कधी पाणी व माती मिसळलेले तेल आपल्या पेटीत येते. नळीचे तोंड मातीत पडलेले असते व न पुसता तसेच जोडले जाते. उलटपक्षी, जॅक पूर्ण उचलला असता पेटीतील कित्येक लिटर तेल त्यात जाते. पेटीत तेल मुळात कमी असेल, तर अशा वेळी पंपाचे तोंड उघडे पडते व तेलाबरोबर हवा ओढली जाते. हवा दबते, तेल दबत नाही. म्हणून फेसाळलेल्या तेलाने दट्ट्यावर पुरेसा जोर येत नाही.

दुसरे कारण म्हणजे तुंबलेली गाळणी. ठिबकच्या गाळणीपुढील व मागील दाबात फरक वाढला की आपण ती धुतो. पेटीच्या चोषण-गाळणीला बहुधा असा मापक नसतो, म्हणून तिची आठवण राहत नाही. तिसरे कारण चुकीचे तेल. इंजिनाचे उरलेले तेल पेटीत ओतू नये. तेलात चालणाऱ्या चकत्यांना विशिष्ट घर्षणगुणाचे तेल लागते; ते नसेल तर दाब योग्य असूनही चकत्या घसरतात किंवा ब्रेक कर्कश आवाज करतात. झिजलेला पंप, अडकलेली नियामक झडप व फाटलेले सील ही कारणे यानंतर पाहावीत.

दाब कसा मोजावा

मोजणीपूर्वी एक गोष्ट निश्चित करावी. चाके फिरत असून ट्रॅक्टर पुढे सरकत नसेल, तर ती चाकांची घसर आहे. तीत पेटीचा दोष नाही. इंजिन फिरत असून चाकेच फिरत नसतील किंवा मंदावत असतील, तर क्लचची घसर समजावी.

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून तेलाची पातळी पाहावी. तेलाचा रंग व वास तपासावा. दुधाळ रंग पाणी शिरल्याचे, काळपट रंग व जळका वास चकत्या तापल्याचे लक्षण होय. यानंतर इंजिन चालवून तेल कामाच्या वेळी तापते तितके तापू द्यावे. थंड, घट्ट तेलात दाब फसवा दिसतो. मग इंजिन बंद करून, पुस्तिकेत दाखविलेल्या छिद्राचे बूच काढून योग्य मर्यादेचा दाबमापक जोडावा. क्लचचा दाब व लिफ्टचा दाब यांत मोठे अंतर असते. क्लचचा दाब सामान्यतः दर चौरस सेंटिमीटरला दहा ते पंचवीस किलोग्रॅमच्या आसपास, तर लिफ्टचा दीडशे किलोग्रॅम किंवा त्याहूनही अधिक असतो. क्लचचा मापक चुकून लिफ्टच्या वाटेवर जोडल्यास तो फुटून इजा होईल.

हातब्रेक ओढावा, चाकांना उटी लावावी, पी.टी.ओ. बंद ठेवावा व ट्रॅक्टरच्या पुढेमागे कोणासही उभे राहू देऊ नये. प्रथम इंजिन मंद ठेवून व नंतर पुस्तिकेतील फेऱ्यांवर आणून दाब वाचावा. पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे प्रत्येक क्लच क्रमाने लावून आकडे कागदावर लिहावेत. आकडे पौंडांत असतील, तर दर चौरस इंचाला सुमारे १४.२ पौंड म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १ किलोग्रॅम, असे धरावे.

आकड्यांचा अर्थ पुढीलप्रमाणे लावावा :

१. सर्वच क्लचांत दाब कमी असेल, तर दोष मुळाशी आहे. तेलाची पातळी, चोषण-गाळणी, नियामक झडप व पंप या क्रमाने तपासणी करावी.

२. एकाच क्लचात दाब उतरत असेल, तर त्या क्लचाचे सील किंवा त्याची तेलवाट गळते आहे.

३. काटा थरथरत असेल, तर पंप हवा ओढीत असण्याचा संभव आहे.

४. थंडपणी दाब ठीक व तापल्यावर कमी असेल, तर झीज झाली आहे किंवा तेल चुकीचे व पातळ आहे.

५. दाब मर्यादेपेक्षा जास्त असेल, तर नियामक झडप अडकली आहे किंवा पूर्वी कोणी तिची स्प्रिंग बदलली आहे.

६. सर्व दाब बरोबर असूनही क्लच घसरत असेल, तरच चकत्या झिजल्या असे समजून पेटी उघडावी.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. दाबाच्या नळीतील बारीक छिद्र बोटाने चाचपू नये. जोराने सुटलेली तेलाची धार कातडीत शिरू शकते, आणि वरून जखम क्षुल्लक दिसली तरी आत गंभीर इजा होते. गळती पुठ्ठ्याच्या तुकड्याने शोधावी. तेल कातडीत शिरलेच, तर वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. उचललेल्या ट्रॉलीखाली भक्कम आधार दिल्याशिवाय कधीही जाऊ नये.

उपसंहार

मोजणीस थोडा वेळ व एक साधा मापक पुरतो. पेटी उघडण्यास मात्र दिवस लागतात व खर्चही मोठा होतो. ज्यांच्याकडे असे ट्रॅक्टर आहेत, त्यांनी यंत्र चांगल्या स्थितीत असतानाच एकदा सर्व दाब मोजून नोंदवहीत तारखेसह लिहून ठेवावेत. पुढे शंका आली की तुलना करण्यास निरोगी अवस्थेतील आकडे हाताशी राहतील. गावातील चार-पाच ट्रॅक्टरमालकांनी किंवा शेतकरी गटाने मिळून एक चांगला दाबमापक घेतल्यास प्रत्येकावर खर्चाचा बोजा पडणार नाही. ट्रॉलीच्या नळ्यांना टोपणे बसवावीत, नळी जोडण्यापूर्वी तिचे तोंड स्वच्छ फडक्याने पुसावे, आणि तेल व गाळणी पुस्तिकेतील तासांप्रमाणे बदलावी. ही कामे हंगामापूर्वी, उन्हाळ्यातील मोकळ्या दिवसांत उरकून घेतल्यास पेरणीच्या ऐन दिवसांत ट्रॅक्टर कारागिराच्या दारात उभा करण्याची पाळी सहसा येणार नाही.